पथ्य साऱ्या घराचे

आपल्याकडे घरात कुणाला 'शुगर निघाली' की सगळ्यांत आधी त्याचे पातेले वेगळे होते. बिनतेलाची भाजी, बिनसाखरेचा चहा, दोन कोरडे फुलके. बाकीचे घर पूर्वीसारखेच जेवते. पेशंट दस्तरखानाच्या कडेला बसून दुसऱ्यांच्या ताटातली बिर्याणी पाहतो, पंधरा दिवस सोसतो आणि सोळाव्या दिवशी हळूच हंडीत हात घालतो. पेशंट घरातली बाई असेल तर तिचे पातेले वेगळे होतच नाही. दहा माणसांचा स्वयंपाक उरकून तिने स्वतःसाठी आणखी एक भांडे चुलीवर कधी चढवायचे?

आम्ही तिघी जावा दीड वर्षापूर्वी या प्रश्नापाशी येऊन थांबलो. हा लेख तिघींनी मिळून सांगितला आहे, लिहून काढला मधलीने, एवढेच.

आमचे घर मिरजेच्या जुन्या पेठेत आहे. अम्मी, त्यांचे तीन मुलगे, आम्ही तिघी आणि तीन मुले. एक चूल, एक दस्तरखान. अम्मींना वीस वर्षांपासून मधुमेह आहे. चार वर्षांपूर्वी चप्पल घासून त्यांच्या पायाला जखम झाली. ती त्यांना कळलीच नाही, कारण वाढलेल्या साखरेने पायाच्या नसांची संवेदना कमी झाली होती. जखम चिघळली आणि शेवटी उजव्या पायाचा अंगठा काढावा लागला. नंतरचे अडीच महिने ड्रेसिंग आम्ही आळीपाळीने केले. त्यामुळे हा आजार काय असतो हे आम्हाला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

तरीही थोरल्या भाभींना सारखी तहान लागू लागली, रात्री दोन-तीनदा उठावे लागू लागले, तेव्हा आम्ही 'उन्हाळा आहे' असेच म्हणत होतो. तपासणी झाली. एचबीएवनसी ७.४. ही चाचणी मागच्या साधारण तीन महिन्यांतली साखरेची सरासरी सांगते. ५.७ च्या आत असेल तर ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, आणि ६.५ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह. डॉक्टरांनी आम्हा दोघींनाही रक्त द्यायला सांगितले. मधली निघाली ६.१. धाकटी ५.६, म्हणजे रेषेच्या अगदी आत. पण तिला बाळंतपणात साखर वाढली होती. ती बाळंतपणानंतर उतरली, तरी अशा स्त्रियांना पुढे मधुमेह होण्याचा धोका जास्त असतो, तेव्हा ठरावीक काळाने तपासत राहा, असे डॉक्टर म्हणाले.

घरी परत येताना रिक्षात कुणीच बोलले नाही. तिघींच्याही डोळ्यांपुढे अम्मींचा पाय होता.

हे काही आमच्याच घरचे दुखणे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर उभे आहेत. उंबरठ्यावरून परत फिरता येते, हीच त्यातली दिलाशाची गोष्ट. वजन थोडे कमी केले, जेवण सुधारले आणि अंग हलते ठेवले, तर अनेकांचा मधुमेह टळतो किंवा लांबतो.

म्हणून आम्ही ठरवले की भाभींचे पातेले वेगळे करायचे नाही. जे काही बदलायचे ते एकाच हंडीत बदलायचे.

सुरुवात हिशेबाने केली. आमच्याकडे दर महिन्याला १५ किलोचा तेलाचा डबा लागायचा. दहा माणसे, तीस दिवस. भागाकार केला तर माणशी रोज ५० ग्रॅम तेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या नव्या सूचना दिल्या. त्यात २,००० कॅलरीच्या दिवसभराच्या ताटाचा एक नमुना आहे. धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम आणि तेल-तूप मिळून २७ ग्रॅम. म्हणजे आमच्या घरात जवळजवळ दुप्पट तेल जात होते, आणि भाजी मात्र निम्मीही नव्हती.

मग धाकटीने एक युक्ती काढली. २७ ग्रॅमप्रमाणे दहा माणसांना रोज २७० ग्रॅम तेल होते, ते मावायला ३०० मिलिलीटरची बाटली पुरते. सकाळी ती बाटली भरून ओट्यावर ठेवायची, डबा कपाटात बंद. दिवसभराचे फोडणीपासून पराठ्यापर्यंत सारे त्याच बाटलीत भागवायचे. पहिल्या आठवड्यात बाटली दुपारीच रिकामी व्हायची. हळूहळू हाताला वळण लागले. कांदा तेलात तळण्याऐवजी झाकण ठेवून मंद आचेवर नरम करायचा, मध्ये पाण्याचा हबका मारायचा. कबाब तव्यावर शेकायचे. मटणाची दिसेल तेवढी चरबी आधीच काढायची. रस्सा शिजून थंड झाला की वर साचलेला तवंग चमच्याने उचलायचा. आज महिन्याला दहा किलो तेल पुरते. त्यात पाहुणेही आले. बकरीद आणि रमजानचे महिने मात्र या हिशेबात बसत नाहीत, ते बसवण्याचा हट्टही आम्ही धरत नाही.

दुसरा हिशेब साखरेचा. आमच्या घरात मोठ्या माणसाचे दिवसाला पाच कप चहा. प्रत्येकात दोन चमचे. एका चमच्यात सुमारे पाच ग्रॅम साखर धरली तर नुसत्या चहातून पन्नास ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत असावी आणि पंचवीसच्या आत असेल तर अधिक चांगले. आम्ही साखर एकदम बंद केली नाही. दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी केला. चहा तीन कपांवर आणला. सोबतच्या खारी आणि बटरची जागा भाजलेल्या फुटाण्यांनी घेतली. थोरल्या दिरांनी दोन महिने घरचा चहा फिका लागतो म्हणून कोपऱ्यावरच्या टपरीवर घेतला. आता त्यांना टपरीवरचा चहा गोड लागतो.

धान्याचे काम सोपे होते, कारण आमच्या भागात शाळू पिकतो. रात्रीचा भात कमी करून भाकरी आणली. पण भाकरी म्हणजे औषध, अशी समजूत कुणी करून घेऊ नये. ज्वारीतही पिष्टमय पदार्थ आहेतच आणि चार भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढणारच. भाकरीत तंतू जास्त, ती चावून खावी लागते आणि दीड-दोन भाकरीत पोट भरते, हा तिचा फायदा. ताटाचे प्रमाण आम्ही असे ठरवले की अर्धे ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताटात डाळ, अंडी, मासे किंवा मटण, आणि उरलेल्या पाव ताटात भात किंवा भाकरी.

काही गोष्टी टिकल्या नाहीत. ओट्स आठ दिवस चालले, मग मुलांनी ते कबुतरांना घातले. मेथीच्या पाण्याचा प्रयोग दोन आठवड्यांत विसरला गेला. शेजारणीने दिवसातून दोनच वेळा जेवण्याची पद्धत सुचवली, पण भाभींच्या गोळ्या पाहता डॉक्टरांनी ती त्यांच्यासाठी नको म्हणून सांगितले. दुधी भोपळा मात्र घरात टिकला. मिरजेत भोपळा म्हटले की सतारीचा भोपळा आठवतो, ताटात त्याला मान नसतो. पण पैगंबर मुहम्मद (स.) दुधी आवडीने खात, हे अम्मींनी मुलांना सांगितले आणि दालच्यात दुधी दुप्पट झाला. शुक्रवारची बिर्याणी चालूच आहे. आधी कचुंबर, मग दालचा, मग बिर्याणीची एकच ताटली. हंडी दस्तरखानावर येत नाही, स्वयंपाकघरातच राहते. दुसरी ताटली हवी असेल त्याने उठून जायचे. उठायचा कंटाळा आमच्या फार कामी आला.

पण तेल, साखर आणि भात यांच्यापेक्षा अवघड प्रश्न वेगळाच होता, बाईच्या जेवणाच्या वेळेचा.

आमच्याकडे पुरुष दुकानातून रात्री साडेदहाला येतात. त्यांना वाढून, मुलांना झोपवून आम्ही तिघी अकराच्या पुढे जेवायला बसायचो. सहा वाजल्यापासून उपाशी, म्हणून मध्ये एखादा पाव, एखादे बिस्किट, मुलांच्या ताटातला उरलेला घास. आणि शेवटी जेवताना समोर काय असायचे? संपत आलेली भाजी, सालणाचा तळ आणि उरलेला भात. अन्न टाकणे गुन्हा, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेले. म्हणून पोट भरले तरी पातेले पुसून काढायचे. घरातल्या बरकतीची राखण बायकांच्या पोटात होत होती. त्यानंतर लगेच झोप. भाभींची सकाळची साखर उतरत का नाही, हे डॉक्टरांनी वेळापत्रक विचारले तेव्हा उलगडले.

उपाय साधा होता, मगरिबनंतर जेवून घ्यायचे. सांगायला सोपे, पण पुरुषांच्या आधी घरातल्या सुना जेवल्या, हे आमच्या पेठेत बोलायचा विषय होतो. आम्ही आठवडाभर एकमेकींकडे पाहत राहिलो. अम्मींपुढे कुणी विषय काढायचा? शेवटी भाभींनी काढला. अम्मी घरात दखनी बोलतात, त्यांचे शब्द इथे मराठीत देत आहोत.

"अम्मी, डॉक्टर म्हणतात, आम्ही आठच्या आत जेवायला हवं."

अम्मी काही वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी आपला पाय चादरीतून बाहेर काढून पुढे केला आणि म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं शेवटी जेवले. हे बघ, काय मिळालं ते. उद्यापासून मीच तुमच्याबरोबर बसते. मुलांशी मी बोलते."

त्या रात्री त्या आपल्या मुलांशी बोलल्या. काय बोलल्या ते आम्हाला माहीत नाही. दुसऱ्या दिवसापासून अम्मी, आम्ही तिघी आणि मुले साडेसातला जेवू लागलो. पुरुषांचे जेवण डब्यांत झाकून ठेवायचे, आल्यावर ते स्वतः वाढून घेतात. उरलेले अन्न आता पोटात जात नाही, फ्रिजमध्ये जाते आणि सकाळी त्याचा नाश्ता होतो, किंवा रात्रीच शेजारच्या घरी पोहोचते. त्यासाठी आम्ही मुळात अंदाजच कमी केला. तांदूळ आता मापाने निघतो, मुठीने नाही.

आता व्यायामाकडे वळू. सकाळी मैदानावर फिरायला जाणे आमच्या तिघींना जमणारे नव्हते. मुलांच्या शाळा, नळाचे पाणी, अम्मींचे इन्सुलिन. गच्ची चारही बाजूंनी दिसते. मग मधली खोली ठरली. फज्रनंतर नळाला पाणी यायच्या आत आम्हाला पस्तीस मिनिटे मिळतात.

"घरकाम काय कमी आहे?" असे नणंद म्हणाली. प्रश्न रास्त आहे. झाडलोट, पाणी भरणे, जिने चढणे याही हालचालीच आहेत आणि त्या मोजल्या जातात. पण ओट्यापुढे तीन तास उभे राहिल्याने पाय दुखतात, दम लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. मध्यम श्रम ओळखायची खूण अशी की चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ ज्या गावात राहिले, त्या गावात ही खूण समजायला वेळ लागला नाही.

स्नायूंचा साखरेशी काय संबंध, हे आम्हाला नवीन होते. काम करणारा स्नायू रक्तातली साखर स्वतःकडे ओढून घेतो. म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले तरी जेवणाने चढलेली साखर कमी चढते. रात्री जेवून झाल्यावर आम्ही दारापासून मागच्या न्हाणीपर्यंत फेऱ्या मारतो. मुले पाय मोजतात.

सकाळचा व्यायाम असा. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस. भिंतीला तळवे टेकून दहा जोर. जिन्याच्या पहिल्या पायरीवर कठडा धरून टाचा वर-खाली पंधरा वेळा. पाण्याने भरलेल्या एक-एक लिटरच्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन खांद्याच्या वर दहा वेळा उचलणे. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलणे. मध्ये दम लागेपर्यंत जागच्या जागी चालणे. सगळ्याची दुसरी फेरी. हे आठवड्यातून तीन दिवस, बाकीचे दिवस नुसते जोरात चालणे. कपडे नेहमीचेच, फक्त ओढणी गाठ मारून बांधायची. नमाजच्या हालचालींना आम्ही व्यायामात धरत नाही. ती इबादत आहे, तिच्या मिनिटांचा हिशेब आम्हाला करायचा नाही. पण भाभींना सजद्यातून उठताना गुडघा धरावा लागायचा, तो आता धरावा लागत नाही, हे त्यांनी स्वतः सांगितले.

अम्मी खुर्चीवर बसून घोटे फिरवतात. शेवटी धाकटी त्यांच्या तळपायाखाली आरसा धरते आणि कुठे चीर, फोड, लाली दिसते का ते पाहते. मधुमेह असलेल्या माणसाचे पाय रोज पाहायला हवेत. ज्या घरात असा पेशंट आहे, त्या घराने या लेखातले दुसरे काही केले नाही तरी एवढे करावे.

गेला रमजान हा आमच्या कसोटीचा महिना होता. भाभींना रोजे धरायचे होते. आम्ही दीड महिना आधी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा बदलून दिल्या, घरी मीटरवर साखर तपासायला सांगितली आणि दोन आकडे वहीत लिहून दिले. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडायचा. सुई टोचून थेंबभर रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, हे आम्ही मौलानांना विचारून घेतले. अम्मींना मात्र डॉक्टरांनी रोज्याला स्पष्ट मनाई केली.

इफ्तारला तीन खजूर नाही, एक. पाणी, फळे, मग मगरिब, मग साधे जेवण. भजी-समोसे फक्त शुक्रवारी. सहरी चुकवायची नाही आणि तीत भाकरी, अंडे, दही, म्हणजे दिवसभर दम टिकतो. बावीस रोजे नीट गेले. तेविसाव्या दिवशी असरच्या सुमारास भाभींचे हात थरथरू लागले, कपाळावर घाम आला. मीटरवर ६६.

इफ्तारला दोन तासही उरले नव्हते. भाभी म्हणाल्या, "थोडाच वेळ राहिलाय, होईल." मधलीच्या हातात साखरेचे पाणी होते आणि भाभी तोंड फिरवून बसल्या होत्या. त्या वेळी अम्मी काठी टेकत आल्या. "ज्याने रोजा फर्ज केला, त्यानेच आजाऱ्याला सूट दिली आहे. त्याची सूट नाकारणारी तू कोण? नंतर कजा कर." भाभींनी पाणी घेतले आणि बराच वेळ रडल्या. आम्हीही. तो रोजा त्यांनी हिवाळ्यात, दिवस लहान असताना, डॉक्टरांना विचारून पूर्ण केला.

आज आमचे आकडे असे आहेत. भाभी ७.४ वरून ६.६ वर आल्या. त्यात गोळ्यांचा वाटा मोठा आहे आणि गोळ्या चालू आहेत. चार चांगले महिने गेले की औषध बंद करावेसे वाटते, ते कुणीही आपल्या मनाने करू नये. मधली ६.१ वरून ५.८ वर आली, म्हणजे अजून उंबरठ्यावरच आहे, पण एक पाय आत घेतला आहे. वजन पाच किलो उतरले. धाकटी ५.५. अम्मींच्या इन्सुलिनची मात्रा डॉक्टरांनी किंचित कमी केली. थोरले दीर नुकतेच स्वतःहून रक्त तपासायला गेले, याचे आम्हाला जास्त समाधान आहे.

शरीर ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे, असे आपण मुलांना शिकवतो. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, ही शिकवणही आपल्या घराघरांत सांगितली जाते. सांगायची ही गोष्ट आणि रोजचा तेलाचा डबा यांच्यात अंतर किती, ते प्रत्येक घराने आपले आपण मोजावे. त्यासाठी पैसे लागत नाहीत. या महिन्यात डबा किती दिवसांत संपला, तो किती माणसांनी संपवला आणि त्या माणसांत सर्वांत शेवटी कोण जेवले, एवढे वहीत लिहिले तरी पुष्कळ कळते.

बहिणींनो, पुढच्या महिन्यात आमच्या नात्यात तीन शाद्या आहेत. वलीम्याच्या तीन बिर्याण्या, तीन वेळा डबल का मीठा, आणि 'अगं, एक दिवसाने काय होतंय' म्हणणाऱ्या तीस मावश्या. आम्ही काय करणार? जाणार आहोत. जेवणार आहोत. एकच ताटली घेणार आहोत आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मधल्या खोलीत खुर्च्या मांडणार आहोत, इन्शाअल्लाह.